पुजलेला काउंटर

माझ्या चुलत दिराने मला फसवलं. कर्जतला त्याचं हॉटेलच्या सामानाचं दुकान आहे. तिथे मी स्वतः ठोकून, दाबून, पाणी ओतून निवडलेला जेवण गरम ठेवायचा काउंटर त्याने पळसदरीच्या एका फार्महाउसवाल्याला विकला, आणि बाहेरून हुबेहूब तसाच दिसणारा, आतून हलक्या कामाचा दुसरा माझ्या दुकानात आणून ठेवला. आमच्या भाऊकीत याला गैरसमज म्हणतात. मी फसवणूक म्हणते.

माझं दुकान चौकला, जुन्या हायवेवर. मिसळ, वडा, पोहे, चहा. आज पक्का गाळा आहे, पण सुरुवात झाली ती शेजारच्या गॅरेजच्या भिंतीला ताडपत्री बांधून, एक स्टोव्ह आणि पोह्यांचं एक पातेलं घेऊन. गॅरेजवाला रोज सकाळी म्हणायचा, "ताई, उद्यापासून नका बसू हितं." मी त्याला रोज एक बशी पोहे द्यायचे आणि रोज बसायचे. नवऱ्याचा टेंपो आहे, तो त्याच्या भाड्यांवर फिरतो. दुकानात त्याचा रुपया नाही आणि शब्दही नाही. गाळ्याचं डिपॉझिट, भांडी, पंखा, बाकडी, सगळं मी वडे तळून उभं केलं.

कर्जतकडून रोज सकाळी एका कंपनीची बस येते. कामगार उतरतात, खातात, परत चढतात. ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. ते घरघरत असतं तेवढ्यात बसभर माणसांनी खाऊन घ्यायचं, अशी पद्धत पडली आहे. माझी शेगडी दोन तोंडांची. एकावर तेलाची कढई, दुसऱ्यावर चहा. उसळ आणि मिसळीचा कट बाजूला झाकून ठेवायचे, आणि बस येईपर्यंत दोन्ही कोमट व्हायचे. तापवायला घेतले तर चहा थांबतो, चहा थांबला तर माणसं ओरडतात.

गणपती झाल्यावर एक दिवस ड्रायव्हर म्हणाला, "ताई, कंपनी आनखी एक गाडी सोडतेय. दसरा झाला की दोन्ही गाड्या तुमच्याकडंच लावतो. पन सगळ्यांना गरम मिळालं पायजे. नाय तर समोर ढाबा हायच."

समोरचा ढाबेवाला त्या वेळी दात कोरत आमच्याकडेच बघत होता. ती दुसरी बस मला हवी होती. दुकान वाढायचं ते तिच्यावरच वाढणार होतं, नाहीतर मी आयुष्यभर एका बसची राहिले असते.

मग मी वस्तू बघत फिरले. काचेची पेटी, आत पिवळा बल्ब, ती सगळ्यांकडे असते. दिसते छान, पण तिच्यात वडा ठेवला की त्याला घाम फुटतो आणि तो मऊ पडतो. गिऱ्हाइकाला बल्ब दिसतो आणि त्याला वाटतं वडा गरम आहे. वडा मी कढईतूनच देणार होते, त्यामुळे ती पेटी बाद. लग्नात केटरिंगवाले भात आणतात ते मोठे थर्मासचे डबे पाहिले. झाकण एकदा उघडून पंगत वाढायची असेल तर ठीक. माझ्याकडे झाकण सारखं उघडणार, त्यात ऊब राहणार कुठून? शिवाय कटाचा वास डब्यात बसला की निघत नाही. मला हवा होता तो पाण्याचा काउंटर. खाली टाकीत गरम पाणी, वर कापलेल्या भोकांत बसणारी स्टीलची खोल भांडी. पाणी गरम तर उसळ गरम, आणि तळाला लागायची भीती नाही.

खोपोलीला पाहिले, पनवेलला पाहिले. पनवेलला एक जवळजवळ घेतलाच होता. तेव्हा नवरा म्हणाला, "घरचं दुकान असताना भाईरून घेनार? भाऊकीत काय दिसंल?" माझ्या धंद्यात त्याने दिलेलं हे पहिलं मत. मी ते ऐकलं.

दिराच्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या तो हसून म्हणाला, "या वयनी. आज कोनाचा जीव घ्यायला आलात?"

तो मला ओळखून आहे, हे मुद्दाम लिहिते. मी घासाघीस करते हे त्याला त्या दिवशी कळलं असं नाही. त्याच्या लग्नातल्या मांडववाल्याशी भाव मीच केला होता, आणि तेव्हा त्याने माझे पाय धरायचे बाकी ठेवले होते.

मी काउंटर बघायला लागले. बाजूचा पत्रा बोटाच्या पेराने वाजवला. टाकीच्या तळाला अंगठा दाबला, तळ दबला नाही. जोड आतून चाचपले. खाली वाकून पाणी तापवायच्या कॉइल मोजल्या, दोन होत्या, दोन खटक्यांच्या दोन. मग म्हणाले, "पानी भर आनि लाव."

"वयनी, काउंटर घेताय का म्हैस?"

"म्हैस असती तर दूध काढून बगितलं असतं. पानी भर."

त्याने भरलं. दोन्ही खटके लावले. चहा आला, मी तो पीत टाकीजवळ उभी राहिले आणि पाणी दोन्ही बाजूंना सारखं तापतंय का ते बोट घालून बघत राहिले. सारखं तापलं. मला तो काउंटर आवडला, आणि आवडला हे मी तोंडावर दिसू दिलं नाही. भाव सुरू झाला. तो घरच्या माणसाची शपथ घालत होता, मी पनवेलच्या दुकानाचं नाव घेत होते. मी उठून पायरीपर्यंत गेले, त्याने परत बोलावलं. पुन्हा गेले, पुन्हा बोलावलं. शेवटी कपाळाला हात लावून तो म्हणाला, "घ्या, वयनी. तुमच्याशी कोन जितलंय?" हात मिळवून व्यवहार झाला आणि पैसे मी तिथेच, सगळे, त्याच्या हातात दिले.

निघताना मी काउंटरखाली वाकले आणि कपाळावरची टिकली काढून टाकीच्या तळाला खालून, आतल्या कोपऱ्यात चिकटवली. साडी निवडल्यावर बांधून मिळेपर्यंत मी तिच्या पदराला गाठ मारून ठेवते, त्यातलाच हा प्रकार. त्याने ते पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर दुसरा काउंटर टिकली लावूनच पाठवला असता.

वस्तू दसऱ्याला आणायची ठरली.

दसऱ्याला चौकात गॅरेजांचा दिवस असतो. जॅक, पाने, कॉम्प्रेसर, सगळ्यांच्या गळ्यात झेंडू. गुरुजी स्कूटरवरून एका गॅरेजातून दुसऱ्या गॅरेजात जात असतात आणि मधे कुणी चहा विचारला तरी रागावतात. मी त्यांना सकाळपासून सांगून ठेवलं होतं. सकाळ गेली, दुपार झाली, काउंटरचा पत्ता नाही. गुरुजी तिसऱ्यांदा दारात येऊन म्हणाले, "बाई, आता नाही तर पुढच्या दसऱ्याला." आणि त्याच वेळी दिराची गाडी आली. मागे काउंटर, पुढे तो, त्याची बायको नवी साडी नेसून, हातात पेढे आणि खण-नारळाचं ताट.

माणसांनी काउंटर उतरवून जागेवर ठेवला. मी खाली वाकणार, तेवढ्यात दीर म्हणाला, "आदी हळद-कुंकू लावा वयनी, मग काय बगायचं ते बगा. दसऱ्याची वस्तू अशी बिनपुजेची उभी ठेवू नये."

नवरा म्हणाला, "गुरुजी थांबलेत गं."

गुरुजींनी मंत्र सुरूही केले होते. मी हळद-कुंकू वाहिलं, पत्र्यावर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. पुन्हा वाकायला गेले तर जाऊ पुढे झाली. "थांबा जाऊबाई, ओटी भरते." तिने खण, नारळ, तांदूळ पदरात घातले. भरल्या ओटीने कुठल्याही बाईला काउंटरखाली वाकता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं की तिला, मला आजवर कळलेलं नाही. मी नारळ पोटाशी धरून उभी राहिले, पाया पडायला आलेल्यांना पेढे दिले, आणि दीर-जाऊ गाडीत बसून गेलेसुद्धा.

ओटी रिकामी करून, मोबाइलचा उजेड पाडून मी खाली पाहिलं. टिकली नव्हती. तळाला अंगठा लावला, तो आत गेला आणि पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्‌ करून वाजला. कॉइल एकच होती. खटके मात्र दोन. दुसऱ्या खटक्याला आतून तारच जोडलेली नव्हती, तो नुसता शोभेला.

मी लगेच दिराला फोन लावला. तो अजून रस्त्यातच होता.

"टिकली पडली असंल वयनी. पानी लागलं असंल."

"आनि कॉइल? ती बी पडली?"

"आता सनाच्या दिवशी नका वाद घालू. वापरून तर बगा."

दुसऱ्या दिवशी वापरावाच लागला, कारण दोन्ही बस आल्या. कॉइलच्या बाजूला ठेवलेली उसळ खदखदत होती आणि दुसऱ्या टोकाचा कट गार. मी भांड्यांची जागा बदलत राहिले, भांडी बदलली की वाढणं थांबायचं, आणि बाहेर दोन इंजिनं घरघरत होती. एक कामगार बशी परत ठेवून म्हणाला, "ताई, निम्मी मिसळ तोंड भाजते न् निम्मी गार. कुनाच्या डोहाळ्याची हाय ही?" सगळे हसले. मीही त्यांच्याबरोबर हसले आणि आतून पेटले. थोड्याच दिवसांत तापून तापून टाकीचा तळ वाकला, भांडी एका बाजूला कलायला लागली, जोडातून पाणी ठिबकू लागलं. एका सकाळी दोन्ही बस माझ्या दुकानापुढून सरळ गेल्या आणि वळसा घालून समोर ढाब्यापुढे लागल्या. ड्रायव्हरने माझ्याकडे बघून हात जोडले. त्याचा दोष नव्हता, त्याने आधी सांगितलं होतं.

मी दिराला म्हटलं, वस्तू परत घे, मी निवडलेली दे. तो म्हणाला, "वयनी, पुजलेली वस्तू कुनी परत घेतं का? घरातली लक्ष्मी हाय ती. मी घेतली तर माझा धंदा बसंल, आनि तुमचाबी."

घरात सगळ्यांनी त्याचीच री ओढली. पूजा झाली म्हणजे वस्तू आपली झाली. आणि मग प्रत्येकाचा तोच प्रश्न, "एवढी हुशार तू, मग बगायच्या आदी पूजा कशाला केलीस?" सासूबाईंनी विचारलं, नणंदेने फोन करून विचारलं, नवऱ्याने जेवताना विचारलं. त्याचं ताट मी उचलून नेलं. दसऱ्याला दारात आलेल्या वस्तूची पूजा केली ही माझी चूक म्हणणार असाल तर चौकातल्या सगळ्या गॅरेजांना जाऊन विचारा. मी पूजा केली, कारण ती करायची असते. त्याने ती वेळ साधली, त्याला विचारायला मात्र कुणाची जीभ उचलेना.

मी गुरुजींना बोलावलं आणि सांगितलं, याची उत्तरपूजा करा.

गुरुजी म्हणाले, "अहो बाई, उत्तरपूजा देवाची असते, भांड्याची नाही."

"मग पूजा कशी झाली भांड्याची?"

"ती आपली रीत आहे."

"गणपती आपन घरी आनतो, पुजतो, आनि उत्तरपूजा करून जाग्यावरनं हलवतो. देवाला निरोप देता येतो न् या पत्र्याला नाय?"

गुरुजी हसले. "तुमच्यापुढे मी काय बोलू?" त्यांनी अक्षता टाकल्या, दोन शब्द पुटपुटले आणि मला म्हणाले, "हलवा." मी काउंटर दोन्ही हातांनी धरून सरकवला. नवऱ्याला म्हटलं, टेंपो लावा.

"अगं, लोक काय म्हनतील?"

"लोकांना वडे मी देते. टेंपो लावा."

त्याने लावला आणि आम्ही कर्जतला पोचलो. रविवार होता. दिराच्या दुकानात मुंबईहून आलेले फार्महाउसवाले उभे होते, त्यांना तो पाणी विचारत होता. त्यांच्यासमोर आम्ही काउंटर उतरवून पायरीवर ठेवला.

"वयनी, हे काय? आत या, पानी घ्या."

"पानी नको. मी निवडलेला कुठाय?"

"हाच तो."

"मग दुसरा खटका लावून दाकव. सगळ्यांसमोर लाव."

त्याने खटक्याकडे हात नेला नाही. एक गिऱ्हाईक कुतूहलाने पुढे येऊन वाकलं, तसा तो घाईने मला बाजूला घ्यायला लागला. मी हलले नाही. मग त्याचा चेहरा बदलला आणि त्याने मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऐका मग. तुमी भाव एवढा पाडलात, की त्या भावात ती वस्तू जमत नवती. पळसदरीच्या पार्टीनं तोच काउंटर न बोलता घेतला. तुमच्या भावात जे बसतं, ते तुमाला दिलं. भाव तुमचा, वस्तू माजी."

"नाय जमत म्हनायला तोंड नवतं?"

"तुमाला नाय म्हनलं असतं, तर तुमी ऐकलं असतं?"

दुकानातले लोक हसले. माझा नवरासुद्धा हसला, मी पाहिलं.

खरं सांगते, नसतं ऐकलं. आणखी घासाघीस केली असती, पुन्हा पायरीपर्यंत गेले असते, वेळ पडली तर संध्याकाळपर्यंत बसले असते. पण ते सगळं तोंडावर झालं असतं. तो नाही म्हणाला असता तर मी पनवेलचा काउंटर घेतला असता. भाव पाडणं मी भर दुकानात करते, ज्याचा पाडते त्याच्या डोळ्यांत बघून, आणि त्याला नाही म्हणायची मुभा असते. त्याने हसत माझा हात हातात घेतला, कपाळाला हात लावून मला जिंकवलं, आणि मग पाठीमागे वस्तू बदलली. या दोन गोष्टी सारख्या आहेत असं म्हणणारा माणूस आमच्या भाऊकीतच मला भेटतो, बाहेर अजून भेटलेला नाही.

तो म्हणाला, दुसरी कॉइल बसवून देतो. मी विचारलं, तळाचा पत्रा बसवशील? त्यावर तो गिऱ्हाइकांकडे वळला. मी काउंटर त्याच्या पायरीवर सोडून आले. दुसऱ्या दिवशी त्याने तो आमच्या गावच्या घरी, सामाईक अंगणात पाठवून दिला, घरचा म्हणून. तो तिथेच उभा आहे. सासूबाईंनी त्यावर चादर घातली, येणारे-जाणारे विचारतात म्हणून.

मी गॅरेजवाल्याकडे गेले, ताडपत्रीवाल्या त्याच गॅरेजात. मला काय हवं ते जमिनीवर खडूने काढून दाखवलं. जाड पत्र्याची पेटी, खाली चार पाय, मधे गॅसचा मोठा बर्नर जाईल एवढी जागा, वर भांड्यांची भोकं.

"ताई, मी गाडीचा पत्रा ठोकतो, मिसळीचा नाय."

"पानी गळलं नाय पायजे, एवढंच बगा."

"गाडीत पानी र्‍हायलं तर गिऱ्हाईक मला शिव्या देतं. तुमी पयल्या, ज्यांना पानी ठेवायचं हाय." मग त्याने भाव सांगितला. मी तो पाडला. तो म्हणाला, "त्यात ह्या जाडीचा पत्रा नाय बसत." मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, मग तुमच्या भावात करा. तो इतका दचकला की त्याने हातातला ग्राइंडर बंद केला.

पेटी दिसायला ओबडधोबड झाली. पण बर्नर पेटवला की पाणी सगळीकडे सारखं तापतं आणि एका टोकाची उसळ दुसऱ्या टोकाच्या कटाइतकीच गरम राहते. पहिल्याच सकाळी मी एक बशी वाढली, वाफ निघत असताना उचलली आणि हायवे ओलांडून थेट ढाब्यात गेले. ड्रायव्हर तिथे बाकड्यावर बसला होता. बशी त्याच्यापुढे ठेवली.

ढाबेवाला उठला. "ओ ताई, ही काय पद्धत झाली?"

"तुमचं बिल बुडत नाय, तुमचं बी खाईल तो. आदी हे गार व्हायच्या आत खाऊ द्या."

ड्रायव्हरने एक घास घेतला, तोंड भाजलं म्हणून हात हलवला आणि म्हणाला, "उद्या येतो, ताई. आता जा, नाय तर हितं मारामारी व्हईल."

दुसऱ्या दिवशी त्याची बस परत आली. दुसरी आली नाही. तिचा ड्रायव्हर वेगळा आहे, त्याला ढाब्याची सवय लागली. ती रोज सकाळी समोर थांबते, आणि वडे काढताना मला तिच्यातून उतरणारी माणसं दिसतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी होती.

आता गणपती जवळ आले आहेत. आमच्या भाऊकीचा गणपती एकच, गावच्या घरी, आणि सगळे एकत्र येतात. मला आत्तापासून निरोप येताहेत. सणात तोंड उघडू नको, त्याने कॉइल देतो म्हटलं होतं, तू भावच तेवढा पाडला होतास, सोडून दे. मी येणार आहे. आरतीला उभी राहणार, सगळ्यांना मोदक वाढणार, दिरालाही वाढणार. आणि जेवणं झाली की सगळे बसलेले असताना त्याला विचारणार. परवडत नव्हतं तर हात का मिळवलास? पैसे घेताना का सांगितलं नाहीस? माझ्या दारातून गेलेली ती दुसरी बस तू परत आणून देणार आहेस का? मला कॉइल नको, घरचा म्हणून समजूत नको. त्याने भाऊकीसमोर, माझ्याकडे बघून, या तिन्हींची उत्तरं द्यावीत. तो देणार नसेल तर जे मला गप्प बस म्हणताहेत, त्यांनी त्याच्या वतीने द्यावीत.